तान्ह्या बाळासह नांदेडचा एक दिवस

"डॉक्टरसाहेब, लेकरू पाच महिन्यांचं झालंय. नांदेडला एक दिवस फिरून यावं म्हणतो. नेलं तर चालेल का?" हा प्रश्न बिलोलीच्या दवाखान्यात वर्षभर कोणी ना कोणी विचारतच असते. विचारणारा बहुधा बाळाचा बाप असतो. आई बाळाला खांद्यावर घेऊन मागे उभी असते आणि शेजारच्या आजींच्या चेहऱ्यावर 'डॉक्टरांनी नाही म्हणावं' ही इच्छा स्पष्ट वाचता येते. माझे उत्तर आजींना सहसा आवडत नाही. बाळ ठणठणीत असेल, तर 'जरूर जा' असे मी सांगतो.

याचे पहिले कारण बाळ नसून आई आहे. आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. मग बाळंतपण, सव्वा महिना, बारसे, शेक-शेगडी, आणि त्यानंतर सासरच्या घरातली चार भिंतींची जागरणे. वर्षभरात तिने बाजाराचे तोंड पाहिलेले नसते. पुष्कळ तरुण आया माझ्याकडे डोकेदुखी, अंगदुखी, 'काही गोड लागत नाही' अशा तक्रारी घेऊन येतात. रक्त तपासावे तर कधी हिमोग्लोबिन कमी निघते, कधी सगळे व्यवस्थित असते. अशा वेळी एक दिवस घराबाहेर काढणे हे टॉनिकच्या बाटलीपेक्षा स्वस्त आणि बरेचदा अधिक गुणकारी ठरते. बाळालाही पाच-सहा महिन्यांनंतर नवे चेहरे, रंग, आवाज हवेच असतात.

मात्र बाळाला घेऊन जायचे म्हणजे बाळाच्या घड्याळाप्रमाणे जायचे. सहा कामांची यादी खिशात घेऊन, बाळ काखेत मारून मोंढ्यापासून वजिराबादपर्यंत दिवसभर हिंडायचे, याला मी सहल म्हणत नाही.

आधी वयाचे बोलू. सव्वा महिना बाळाला बाहेर न नेण्याची आपली रीत वैद्यकाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाची प्रतिकारशक्ती अपुरी असते. या वयात काखेत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप भरला, तर 'दात येत असतील', 'ऊन लागले असेल' असे म्हणत घरी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. म्हणून माझा आग्रह असतो, की गर्दीच्या शहराची सहल सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी झाल्यानंतर, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांपुढे ठेवावी. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. गोवर हा अतिशय झपाट्याने पसरणारा रोग आहे. खोकणारा रोगी निघून गेल्यावरही त्या खोलीतल्या हवेत त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतात. आसपास गोवराची साथ असेल, तर नऊ महिन्यांच्या आतील बाळाची सहल सरळ पुढे ढकलावी. बाळाला सर्दी, खोकला, जुलाब असतील तरीही तेच.

आता प्रवास. बिलोलीहून नरसी-नायगावमार्गे नांदेड म्हणजे एस.टी.ने दोन तासांच्या आसपास. मोटारसायकलवर हा प्रवास तान्ह्या बाळासह करू नये, असे मी हात जोडून सांगतो. पुढे टाकीवर मोठे मूल, मध्ये बाप, मागे आई आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले तान्हे, हे दृश्य आपल्या रस्त्यावर रोज दिसते. केंद्र सरकारने २०२२ साली नियम काढला आणि तो २०२३ पासून लागू झाला. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. नऊ महिन्यांखालच्या बाळाची मान हेल्मेट पेलूच शकत नाही. त्याचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

एस.टी.त मागच्या चाकावरची आणि शेवटची बाकडी टाळावीत, धक्के तिथेच जास्त बसतात. पोटभर पाजून लगेच गाडीत बसू नये. पाजल्यावर बाळाला उभे धरून ढेकर काढावी, दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, मग बसावे. पुष्कळ उलट्या एवढ्यानेच टळतात. जीपमध्ये किंवा मोटारीत पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसणे सर्वांत धोक्याचे, कारण जोरात ब्रेक लागताच बाळ आणि समोरची काच यांच्यामध्ये कोणीच नसते. आणि उभ्या मोटारीत काचा लावून बाळाला 'दोन मिनिटे' झोपवून दुकानात जाणे हा तर जिवाशी खेळ आहे. उन्हातल्या बंद गाडीत दहा-पंधरा मिनिटांत आतला पारा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी चढू शकतो.

नांदेडात उतरल्यावर पहिले ठिकाण बहुतेकांचे ठरलेले असते, सचखंड गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथेच निवर्तले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ साली नांदेडच्या परिसराला नवे रूप आले. मूल होऊन वर्ष झाले नाही तोच पाया पडायला येणारी कितीतरी मराठी घरे मी ओळखतो. लहान बाळासह जायला ही जागा फार सोयीची आहे. आवार मोकळे आहे, बसायला सावली आहे, लंगर आहे, आणि आईला पाजायचे असेल तर कोणी डोळे वटारत नाही. अट एकच. तिथे सकाळी लवकर जावे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी संगमरवर असा तापतो, की मोठी माणसेही टाचांवर उड्या मारत चालतात. रांगणाऱ्या बाळाला त्या फरशीवर सोडले, तर गुडघे आणि तळहात पोळतात. डोके झाकण्यासाठी बाळाला पातळ सुती रुमाल पुरे. लोकरीची कुंची घालून वर आणखी रुमाल बांधलेली बाळे मी एप्रिलमध्ये पाहिली आहेत. दसऱ्याच्या हल्लाबोलच्या दिवशी मात्र तान्ह्या बाळाला त्या गर्दीत नेऊ नये. तो सोहळा पाहण्यासारखा आहे, पण बाळ चालू लागल्यावर बापाच्या खांद्यावरून.

तिथून नगीना घाटावर जाऊन गोदावरीचे दर्शन घ्यावे, मग वजिराबादेत कपड्यांची, भांड्यांची खरेदी करावी, हा नेहमीचा क्रम. मी त्यात एवढीच दुरुस्ती सुचवतो: खरेदी सकाळी साडेअकरापर्यंत आटपेल तेवढी आटपावी. त्यानंतर चार वाजेपर्यंत नातेवाइकाच्या घरी, लॉजवर किंवा जिथे पंखा आणि सावली असेल तिथे बसावे. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचे क्षेत्र मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. घाम मात्र त्याला आपल्याइतका येत नाही आणि तहान लागली हे सांगता येत नाही. खरे तर मार्चच्या मध्यापासून जूनचे पाऊस पडेपर्यंत वर्षाच्या आतील बाळाची सहल काढूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे फिरण्याचे महिने.

बाळाला झोळीसारख्या पट्ट्यात बांधून नेणारे आई-बाप आता आपल्याकडेही दिसतात. पद्धत चांगली आहे. फक्त बाळ उभे असावे, त्याचा चेहरा वरून दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको. ऊन लागू नये म्हणून जाड टॉवेलने तोंडासह सगळे बाळ झाकून टाकणे चुकीचे, कारण आत गरम हवा कोंडते. छत्री धरावी. आणि हो, पट्टा बापानेही बांधावा, त्यात कमीपणा नाही. आईचे दोन्ही हात मोकळे झाले, तरच ती साडी उलगडून पाहू शकेल.

आता मुख्य मुद्दा, पोटाचा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईचे दूध सोडून काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. यावर आजी हमखास रागावतात. "एवढ्या उन्हात लेकराच्या घशाला कोरड पडल की!" त्यांची काळजी खरी आहे, पण आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागते, तेव्हा जास्त वेळा पाजावे. पाणी प्यायचे ते आईने. बाहेर पडलेली आई 'कुठे जागा मिळेल' या धास्तीने पाणी पीत नाही, लघवी दाबून ठेवते. मग संध्याकाळी तिचे डोके दुखते आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ होते म्हणून ती माझ्याकडे येते. पाजायला जागा नाही म्हणून बाटली सोबत घेतली, हे कारणही मी नेहमी ऐकतो. एस.टी. स्थानकांवर आता हिरकणी कक्ष आहेत. कुठे आहे ते चौकशीच्या खिडकीवर विचारावे. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या आईचे नाव त्या खोलीला दिले आहे, तेव्हा तिथे जायला लाजण्याचे कारण नाही. कापडाच्या दुकानातही मालकाला सांगितले तर तो आडोशाची जागा देतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

बाटलीबद्दल एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सोमवारी सात महिन्यांची मुलगी दवाखान्यात आणली. आदल्या दिवशी सगळे घर नांदेडला गेले होते. मुलीचे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसत होती. रात्रीपासून चौदा-पंधरा जुलाब, आणि पहाटेपासून लंगोट कोरडा. आईला विचारले, काल काय काय दिले? तिने प्रामाणिकपणे सगळे सांगितले. सकाळी सहाला घरून म्हशीचे दूध पाणी घालून, साखर टाकून बाटलीत भरले. मुलगी थोडे प्याली. उरलेले नऊला दिले. मग बाराला. दोन वाजता बाटली रिकामी झाली. "दूध नासलं नव्हतं, मी चाखून पाहिलं होतं," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

तिचे म्हणणे खरे होते. दूध नासले हे जिभेला कळण्याच्या बरेच आधी ते बाळाला आजारी पाडण्याइतके दूषित झालेले असते. उबदार दुधात काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. हा हिशेब शाळकरी मुलानेही करून पाहावा. एका जंतूचे चार तासांत चार हजारांवर आणि सहा तासांत अडीच लाखांवर जंतू होतात. बाटलीच्या बुचात, चोखणीच्या छिद्रात कालच्या दुधाचा थर असतो, म्हणजे सुरुवात एका जंतूपासून होतच नाही. त्या मुलीला सलाइन लावावे लागले, दोन दिवस ठेवून घ्यावे लागले. ती बरी झाली. वेळेवर आणली म्हणून.

तेव्हा सांगणे असे, की अंगावर पिणाऱ्या बाळाची बाटली सहलीपुरतीही सुरू करू नये. ज्यांना काही कारणाने पावडरचे दूधच द्यावे लागते, त्यांनी नीट उकळलेले पाणी स्वच्छ थर्मासमध्ये गरम ठेवावे, पावडर वेगळ्या कोरड्या डबीत मोजून घ्यावी आणि पाजायच्या वेळी गरम पाण्यातच कालवून, कोमट झाल्यावर वाटी-चमच्याने पाजावे. बाळाने तोंड लावलेले दूध उरले तर तासाभराने टाकून द्यावे. उन्हाळ्यात तेवढाही वेळ ठेवू नये. वाटी-चमचा धुवायला सोपा, बाटली अवघड, एवढा साधा फरक आहे. सहा महिन्यांपुढील बाळाला मऊ वरणभात घरून नेला, तर तो सकाळच्या दोन तासांतच संपवावा. पुढच्या भुकेला केळे सर्वांत उत्तम. ते निसर्गानेच वेष्टनात बांधून दिलेले आहे, फक्त हात धुऊन सोलावे आणि कुस्करून द्यावे. लंगरमधला गरम भात आणि डाळही कुस्करून भरवता येते, तिखट मात्र आधी चाखून पाहावे. उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेले कलिंगड यांतले काही बाळाला चाटवू नये. मधाचे बोटही वर्ष पूर्ण होईपर्यंत नको. मधातल्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाला क्वचित पण गंभीर आजार होतो, अंगातली ताकदच जाते.

बाजारातले आणखी एक संकट म्हणजे घशात अडकणे. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, गोळ्या लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. फुटलेल्या फुग्याचा तुकडाही तितकाच वाईट. रस्त्यावरच्या दिवे लागणाऱ्या खेळण्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. तो सेल गिळला, तर अन्ननलिकेला दोन तासांत भोक पडण्याइतकी इजा होऊ शकते. ज्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बसवलेले नाही, ते घेऊच नये. बाळाला अचानक ठसका लागून आवाज बंद झाला आणि ते निळे पडू लागले, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. बाळाला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके खाली, मान धरलेली. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थापा मारा. वस्तू निघाली नाही, तर उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा पाच थापा. वस्तू निघेपर्यंत किंवा मदत मिळेपर्यंत हे चालू ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांक लावायला सांगा. ही रीत वर्षाच्या आतील बाळासाठी आहे. घरातल्या दोघांनी तरी ती उशीवर सराव करून शिकून ठेवावी.

गर्दीतले मुके घेणे हा वेगळाच उपद्रव. वजिराबादेत ओळखीचे चार जण भेटतात आणि प्रत्येक जण बाळाच्या गालावर तोंड टेकवतो. सर्दी-खोकला असलेल्या माणसाला 'भाऊ, लांबूनच बोला' असे सांगताना आईला संकोच वाटतो. ते काम बापाने करावे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर कपाळावर किंवा तळपायाला लावा, डोळ्यांत काजळ नको. बाजारातल्या काही काजळात आणि सुरम्यात शिसे असते.

बाळाच्या अंगात पाणी पुरेसे आहे की नाही, हे सहलीत ओळखायचे कसे? लघवी हेच मोजमाप. दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी व्हायला हवी. डायपर बांधलेले असले की हा हिशेब चुकतो, म्हणून तीन-चार तासांनी तो काढून हाताने वजन पाहावे आणि त्वचा पुसून थोडा वेळ हवा लागू द्यावी. सहा तास डायपर कोरडा राहिला, बाळ मलूल झाले, दूध ओढेना, अंग तापले, तर खरेदी तिथेच थांबवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, साध्या पाण्याने अंग पुसा, वारा घाला, पाजायचा प्रयत्न करा. बर्फ लावू नका. बाळ जागे होत नसेल, झटके आले किंवा उलट्या थांबत नसतील, तर घरी परतण्याची वाट न पाहता नांदेडातच रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परतीची गाडी दिवस असतानाच पकडावी. घरी आल्यावर बाळाला पुसून, पाजून शांत झोपू द्यावे. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी बोलवावे. पुढचे दोन-तीन दिवस शी आणि ताप यांवर लक्ष ठेवावे. जुलाब सुरू झालेच, तर अंगावरचे दूध बंद करू नका, उलट वाढवा. क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी एकदम टाका. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात असा अंदाज नको. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, जरा सावकाश. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून नवे करा. सोबत झिंकची गोळी असते, वीस मिलिग्रॅमची. सहा महिन्यांपुढील बाळाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, आईच्या दुधात किंवा त्या पाण्यात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले, तरी गोळी चौदा दिवस पूर्ण द्यावी. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ही दोन्ही औषधे मिळतात. निघण्यापूर्वीच ओआरएसची एक पुडी पिशवीत टाकलेली बरी.